चाचांच्या राऊटरचं उत्तर

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिला हसणारा मीच. वायर जोडली तर चालतं, नाही तर नाही, एवढंच मी मानायचो! पण गेल्या उन्हाळ्यात हट्टा गावात जे झालं, ते तुम्हीच वाचा...

मी गावोगाव इंटरनेट जोडून देतो. काम शिकवलं वसमतच्या जब्बारचाचांनी. नवी लाईन जोडली की ते आपल्या घरच्या राऊटरला पिंग करायचे, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघायचं. चाचा गेले, चाचींनी तो राऊटर मला दिला. माझ्या दुकानाच्या कपाटात तो चाचांच्याच रुमालात बांधून ठेवलाय.

त्या दिवशी शकुंतलाबाईंकडे नवी लाईन जोडली. त्यांच्या मुलीच्या, पूजाच्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, मुदत पाचपर्यंत. साडेचार वाजलेले. नाव-पत्ता लगेच गेला, मार्कशीट मात्र काही केल्या चढेना. मोबाईलला रेंज नाही.

"भाऊ, काहून अडकून राहिलं? पोरीचं साल जाईल हो!" बाई रडकुंडीला आल्या.

इंटरनेट कंपनीनं त्या दिवशी पिंग अडवलं होतं की काय, कुठंही केलं तरी उत्तर नाही. शेवटी सवयीनं चाचांच्या घरच्या राऊटरचा इंटरनेटवरचा पत्ता टाकला, आणि... उत्तर आलं!

मग त्यांचं शिकवणं आठवलं. इंटरनेटवर सगळं तुकडे होऊन, पॅकेटांतून जातं. वाटेत दार अरुंद असलं की मोठं पॅकेट गुपचूप गळतं. मी कुठं अडलो की चाचांना फोन करायचो, आणि ते म्हणायचे, "हळदीचं पोतं दारातून जाईना, तर दार पाडतो का रे? पोतं छोटं कर, लेकरा."

चाचांच्या पत्त्यावर १४७२ बाइटचं पॅकेट पाठवलं — शांत. १४५० — शांत. १४१२ — उत्तर! १४१३ ला पुन्हा शांत. पॅकेटवरच्या पत्त्याबित्त्याचे अठ्ठावीस मिळवून बाईंच्या राऊटरमध्ये पॅकेटची मर्यादा १४४० टाकली. पाचला दहा कमी असताना मार्कशीट चढली! पूजा रडायलाच लागली.

दुकानात येऊन कपाट उघडलं. रुमालाची गाठ तशीच. राऊटरला ना वायर, ना वीज. कंपनीत विचारलं, तर तो पत्ता चाचांनंतर कुणालाच दिलेला नाही.

चाचींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जित्ते होते तव्हा बी तुझ्याच फोनची वाट पाहत बसायचे."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. चाचांची फार आठवण येते. नवी लाईन जोडली की पहिलं पिंग तिकडंच करतो. उत्तर येत नाही... तेव्हापासून मी कुठं अडलो नाही ना, म्हणून असेल.