देवीपाशी सोडलेली पुडी

घरात शिलाई मशीन माझी, त्यामुळे सासूबाईंच्या ब्लाउजांची मापं मलाच पाठ. त्या वर्षी मी त्यांच्या ब्लाउजच्या बाजूच्या शिवणी उसवून सैल केल्या आणि बाह्या मात्र आत घेतल्या. पोट सुटत होतं, दंड वाळत होते. हे काहीतरी विचित्र आहे एवढं कळत होतं, पण आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर अंगाने भरलेल्या बाईला कोणी आजारी म्हणत नाही. चेहरा गोल, गाल लाल. शेजारणी म्हणायच्या, "सून नशिबाची मिळाली गो तुला. कशी लालबुंद ठेवलीय." मीही फुशारून जायचे. फुकटचं कौतुक कोणाला नको असतं?

सासूबाई मासळी विकतात. पाटी घेऊन आशागड, गंजाडपर्यंत जातात आणि एखाद्या गिऱ्हाइकाशी वाजल्याशिवाय त्यांना धंदा झाल्यासारखा वाटत नाही. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तलासरीच्या बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी पुड्या आणल्या. झाडपाल्याचं औषध म्हणे. गुण असा आला की विचारू नका. मग सकाळच्या चहाबरोबर पुडी ठरलेलीच.

पुढे पाटी जरा घासली तरी दंड काळानिळा व्हायला लागला. खाली बसलं की हाताला धरून उठवावं लागे. मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चेहरा पाहिला, मानेमागचा उंचवटा दाबला, पोटावरचे जांभळे ओरखडे पाहिले आणि विचारलं, "आजी, कसल्या पुड्या घेता?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसोल बनवतात. ताप, दगदग, उपास सोसायला ते लागतंच. पुडीत बहुतेक त्याच जातीचं औषध असणार, आणि तेही भरमसाट. त्याने तोंड-पोट फुगतं, हातपाय गळतात, कातडी पातळ होते. याला कुशिंग म्हणतात. "पुड्या बंद. पण हे औषध एकदम तोडायचं नाही. मी त्याच जातीची गोळी देते, ती हळूहळू कमी करू."

सासूबाईंनी यातलं 'बंद' तेवढं घेतलं.

आमच्यात तंबाखू सोडायची, दारू सोडायची ती देवीपाशी. महालक्ष्मीला नारळ ठेवायचा, वस्तूचं नाव घ्यायचं, की संपलं. मग जन्मात तिला हात लावायचा नाही. दुसऱ्याच दिवशी सासूबाई जाऊन पुडी सोडून आल्या. गोळीही त्याच जातीची, म्हणून तीही सोडली. मला पत्ताच नाही. मी रोज पाण्याचा तांब्या आणि गोळी हातात देत होते, आणि त्या गोळी पदराला बांधत होत्या.

चारेक दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि त्या न्हाणीत कोसळल्या. दवाखान्यात सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं, तेव्हा डोळे उघडले. डॉक्टरीणबाई मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "बाहेरून आयतं मिळत होतं म्हणून ग्रंथी झोपल्यात. त्या जाग्या व्हायला महिने लागतील. तोवर गोळी चुकली तर जिवावर बेतेल."

मी आत जाऊन गोळी पुढे केली. सासूबाईंनी ओठ मिटले.

"आई, घ्या."

"सोडली म्हणजे सोडली. माझा पोरगा दर्यावर जातो. देवीला दिलेला शब्द मी मोडू?"

मी भांडले. देवी काय तुमच्या जिवावर टपलीय का, असंही बोलून गेले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा मनात आलं, ही बाई गेली तर मी भांडणार कोणाशी? लग्न होऊन आले तेव्हा मला मासळी साफ करायला त्यांनीच शिकवलं होतं, शिव्या देत देत.

तशीच उठले, रिक्षा केली आणि देवळात गेले. नारळ ठेवला आणि म्हटलं, त्यांचा शब्द त्यांना परत दे, त्याच्या जागी माझा घे.

परत येऊन त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि काय केलं ते सांगितलं.

"तू काय सोडलंस?"

"ओले बोंबील."

बोंबलाच्या कालवणाची वाटी मी तोंडाला लावून पिते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? "खुळी आहेस," एवढंच म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी त्यावर गोळी ठेवली.

गोळी कमी होत होत थांबली. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा लांबट झाला. मी बाह्या सैल केल्या, बाजू आत घेतल्या. आता शेजारणी म्हणतात, सुनेने सासूला वाळवली. त्याला सासूबाई जे उत्तर देतात ते लिहिण्यासारखं नाही.

बोंबलांची आठवण येत नाही असं मी सांगते, ते साफ खोटं आहे. यंदा पाटीत ताजे बोंबील आले तेव्हा मी म्हटलं, "आई, निदान तुमच्यापुरते चार तळते."

त्या पाटीवर ओलं फडकं टाकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नको गो. हल्ली काटे लागतात मला."

बोंबलाचा काटा आमच्याकडे बोळक्या तोंडाची माणसंही चावून खातात.