गल्ल्याखालचे जपानी सिनेमे

बारामतीत एसटी स्टँडाजवळ एक व्हिडिओ लायब्ररी होती. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते आणि सणसरला, माझ्या गावी, जाणाऱ्या गाडीला वेळ असला की तिथं डोकवायचे. एकदा मालकाच्या गल्ल्याखाली पुठ्ठ्याचा खोका दिसला. पुण्यातलं कुठलंसं फिल्म मंडळ बंद पडलं, त्याच्या कॅसेटी मालकानं इतर सामानाबरोबर उचलल्या होत्या. पाठीवर जपानी अक्षरं, खाली इंग्रजीची बारीक चिकटपट्टी.

"तलवारीवाले होते ते गेले, ताई," मालक म्हणाला. "ह्यात मारामारी न्हाय, गाणं न्हाय. कोण नेत न्हाय. तुमी न्या, बघून आणून द्या."

कुणी नको म्हटलेल्या वस्तूची मला जन्मजात ओढ. मी दोन कॅसेटी पिशवीत टाकल्या आणि भावाच्या व्हीसीआरवर लावल्या.

महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतले हे सिनेमे. ग्रंथालयातल्या सिनेमाच्या जाडजूड पुस्तकात मी त्यांची नावं शोधली, एकही सापडलं नाही. एकात दोन बहिणी अख्खा वेळ शिलाई मशीन विकायचं की ठेवायचं यावर बोलत बसतात. दुसऱ्यात एक मास्तर जळालेल्या शाळेच्या जागी भोपळे लावतो. काही घडत नाही म्हणावं, तर मला उठवत नव्हतं. खालच्या इंग्रजी ओळी सोडून मी भलतंच पाहायचे. चपला कुठं काढतात, भांडी कुठं घासतात, पाहुणा आला की कुणाला उठावं लागतं. जमिनीवर बसून जेवणारी माणसं पडद्यावर इतका वेळ मी कधी पाहिलीच नव्हती. आपल्या सिनेमात गरिबाच्या घरीसुद्धा टेबल असायचं.

हे मी उत्साहाच्या भरात वस्तीत बोलून बसले आणि पंचाईत झाली. आमची वस्ती बौद्धांची. विहारात टीव्ही होता. विहाराचं काम बघणाऱ्या तात्यांनी फळ्यावर खडूनं लिहून टाकलं, 'रविवारी दुपारी बुद्धाच्या देशाचा सिनेमा'. रविवारी बघते तर बायका पांढरी लुगडी नेसून आलेल्या. टीव्हीपुढं मेणबत्ती, उदबत्ती. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं, दारूला शिवणार नाही हेही म्हटलं, आणि मी भावाचा व्हीसीआर जोडून खोक्यातून आणलेली तिसरी, अजून न पाहिलेली कॅसेट लावली.

पहिल्याच प्रसंगात एक बाई गिऱ्हाइकांना गरम दारू ओतत होती.

मी टीव्हीशेजारी उभी राहून इंग्रजी ओळींचं मराठी करून सांगत होते. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. "औषध हाय," मी म्हणाले.

"एवढं पिऊन बी मानसं हेलपाटत्यात, कसलं औषध गं ते?" पुढच्या रांगेतून आत्यानं विचारलं. सगळा विहार हसला.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरचे देव टोपलीत घालून नीरेवर नेले, ती टोपली परकरातल्या आत्याच्या डोक्यावर होती. तेव्हापासून वस्तीत कुणी दाराला लिंबू बांधलं की तोडायला आत्या हजर. तिचा एकुलता मुलगा दहावीत असताना काविळीनं गेला. त्या साली पितरांच्या पंधरवड्यात माझ्या आईनं, कुणाला न सांगता, त्याच्या नावानं पत्र्यावर घास ठेवला. आत्यानं ताटली खाली काढली. "आपण सोडलं म्हंजे सोडलं," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिच्या तोंडून त्याचं नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. शाळेच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला त्याचा फोटो तेवढा भिंतीवर होता.

सिनेमातल्या बाईची खाणावळ होती. नवरा युद्धावरून परतलेला नव्हता. रोज सकाळी ती भिंतीतलं छोटं कपाट उघडायची. आत त्याचा फोटो. पहिल्या वाफेच्या भाताची चिमुकली वाटी त्याच्यापुढं ठेवायची, घंटी वाजवायची आणि त्याला सांगायची, आज मासळी महाग आहे, शेजारणीचा पाय मुरगळलाय. शेवटी रस्ता रुंद होतो, खाणावळ जाते. रेल्वेत ती फोटो मांडीवर घेऊन बसते, त्याचं तोंड खिडकीकडं करून. बाहेरचं त्याला दिसावं म्हणून.

लोक उठले. बुद्ध कुठंच दिसला नाही म्हणून तात्या हिरमुसले होते. आत्या मात्र बसूनच होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. "ती बाई बौद्धच ना?"

"व्हय."

"मग मेलेल्याला भात कसा ठेवती? हे त्यांच्यात चालतं?"

विचारताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता. तिला काय हवं होतं ते मला कळलं. होय म्हटलं असतं तर तिनं त्या दिवशी भात ठेवला असता. पण आत्याला खोटं सांगायची माझी छाती नव्हती. बघून सांगते म्हणाले, ग्रंथालयातले कोश उलथेपालथे केले आणि संध्याकाळी ती परत आली तेव्हा जे सापडलं ते सांगितलं. वाडवडिलांना जेवू घालायची चाल तिकडं फार जुनी आहे, धम्म तिथं पोचला तेव्हा ती त्यात मिसळून गेली.

"म्हंजे ती बी पुरती सुटलेली न्हाय," आत्या म्हणाली आणि उठून गेली. मला फार वाईट वाटलं. सिनेमा दाखवून मीच तिची जखम उघडी केली, असं वाटत राहिलं.

आठवडाभरानं सकाळी तिच्याकडं ताक मागायला गेले. आतून बोलण्याचा आवाज येत होता. वाटलं, कुणी पाहुणं आलंय. डोकावले तर आत्या फोटोसमोर उभी होती. पुढं वाटी नाही, उदबत्ती नाही. हात पाठीमागं बांधलेले. "...आणि मग त्या बाईनं त्याला खिडकीकडं तोंड करून बसवला बग, गाडीत," ती सांगत होती.

मला पाहून ती दचकली नाही. उलट तिनं बोटांची पेरं मोजत धम्म घेताना घेतलेल्या बावीसच्या बावीस प्रतिज्ञा धडाधड म्हणून दाखवल्या.

"श्राद्ध करनार न्हाय, पिंड देनार न्हाय. बराबर?"

"बराबर."

"बोलनार न्हाय, असं हाय का कुठं?"

"न्हाय, आत्या."

"मग? उगंच इतकी वर्सं गप बसले मी." ती आत गेली, ताकाचा तांब्या भरून आणला. माझ्या हातात देताना तिनं एकदा फोटोकडं पाहिलं.

"त्या खोक्यात अजून हायत का गं सिनेमे? ह्यो संपला सांगून. उद्या ह्याला काय सांगू?"