काढून ठेवलेला चष्मा

आमच्या शाळेत दर महिन्याला आठवी-नववीतल्या जाड मुलींची वजनं होतात. उपक्रम चांगला आहे. पुढे साखर, बीपी मागे लागू नये म्हणून आम्ही तळमळीनं राबवतो. मी काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचते आणि दाराशी बसलेल्या बाई तो वहीत लिहितात.

काल वैदेहीचा नंबर आला. तिनं बूट काढले, मोजे काढले, केसांतली क्लिप काढली. मुली असं करतातच, तेवढंच कमी भरावं म्हणून. मग तिनं चष्माही खिडकीत ठेवला. मला हसू आलं.

"अगं, चष्म्याचं वजन ते किती असणार?"

"वजनासाठी नाही, बाई," ती काट्यावर चढत म्हणाली. "चष्मा असला की रांगेतल्या सगळ्यांची तोंडं दिसतात."

आकडा माझ्या ओठांवर आला होता. दारातून सवयीप्रमाणे विचारणा झाली, "किती?" रांग ऐकायला गप्प झाली.

लिहायला सोपं जातं, एवढ्यासाठीच तर ही पद्धत पडली होती. मी जाऊन वही मागून घेतली आणि आकडा स्वतःच लिहिला. तिच्या नावापुढे आधीचे सहा आकडे होते. ते सगळे मीच मोठ्यानं वाचले होते.