उलटा टांगलेला माणूस

लढाईवरून सुट्टीला आलेल्या आमच्या भावकीतल्या पोराने पत्त्यांचा एक जोड आणला होता. बदाम-इस्पिकाचे पत्ते आम्ही खेळलेले. हे निराळे, सगळी चित्रंच. सूर्य, वीज पडून ढासळणारा बुरूज, सिंहाचा जबडा धरलेली बाई. इटलीतल्या एका म्हातारीने शिकवलं म्हणे. रीत अशी, की विचारणाऱ्याने मनात सवाल धरून पत्ते पिसायचे आणि डाव्या हाताने काटायचे. मग तो तीन पत्ते मांडणार. पहिला मागचा, दुसरा आत्ताचा, तिसरा पुढचा. चित्र सुलट आलं तर एक अर्थ, उलट आलं तर दुसरा.

मी दोन इयत्ता शिकलेला, पण कुणी सहज गंडवावं असा तेव्हाही नव्हतो.

माझा धाकटा भाऊ त्याच लढाईवर होता आणि पावसाळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं. आई अर्ध्या भाकरीवर आली होती. ती त्या पोरापुढे जाऊन बसली. तिसऱ्या पत्त्यावर एका पायाने खाली डोकं टांगलेला माणूस निघाला. आईला ते बघवेना. तिने पत्ता फिरवला. आता तो माणूस एका पायावर उभा दिसू लागला, दुसरा पाय दुमडलेला.

पोराचा चेहराच उतरला. पत्त्याकडे न बघता तो म्हणाला, "काकी, उशीर लागंल. पर जित्ता येतोय त्यो."

मला तिथंच वास आला. आमच्या देवीला कौल लावताना आधी बोलावं लागतं. उजवं फूल पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. एकदा बोललं की मग गुरवालाही फिरवता येत नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, "आता तू आदी बोल. कुठला पत्ता आला तर व्हय, कुठला आला तर न्हाई. मग काढ."

"ह्यात तसं नसतं, दादा."

"मग पत्तं बोलत न्हाईत, तूच बोलतूयास. तुला कुणी सांगितलं?"

त्याने पत्ते गोळा केले आणि प्यायला पाणी मागितलं. आई माझ्यावरच भडकली. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली.

मला मात्र चैन पडेना. हा आईचं मन राखतोय, की भाऊ गेल्याचं दडवतोय? सुट्टी संपेपर्यंत मी त्याच्या मागावर राहिलो. मला बघितलं की तो वाट बदलायचा. त्यामुळे संशय वाढतच गेला.

पुढे भाऊ आला. कामथडीला मोटारीतून उतरला तो कुबडीवर, एक पाय गुडघ्यापासून नव्हता. मी नेलेल्या बैलगाडीत बसल्यावर त्याने पहिलं हेच विचारलं, की पायाचं आईला कळलंय का. मग सगळं निघालं. तिकडे लढाईवरच्या दवाखान्यात त्या पोराची गाठ पडली होती. पायाचं घरी सांगणार नाहीस, अशी यानेच त्याला शपथ घातली होती. नुसतं भेटलो म्हटलं असतं तरी आईने खोदून खोदून विचारलं असतं. तेव्हा जित्ता आहे एवढंच कळव, कसं ते तुझं तू बघ, असं ठरलं होतं.

मी आईला हे सारं समजावलं. पत्त्यांना नव्हे, त्या पोराला ठाऊक होतं. ती ऐकेल तर शपथ.

"म्या त्याला उबा केला म्हनून त्यो आला."

"व्हय, आये," भाऊ म्हणाला, "पर एकाच पायावर."

आई त्याच्या कुबडीला धरून हसली आणि मग रडली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण माझं म्हणणं आजही तेच आहे.