टपावर होडी, शेजारी बाबा: मुलुंड ते रेवदंडा

गेल्या दिवाळीनंतर मी एक कयाक विकत घेतली. मासेमारीची, एकाच माणसाची, साडेदहा फूट लांब, बत्तीस किलो वजनाची, शेवाळी रंगाची. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती भिंतीला टेकून उभी असायची. ऑफिसातून आल्यावर गाडी लावायची आणि पाच मिनिटं तिच्याकडे बघत बसायचं, हा माझा नेम. समोर खाडी आहे, उजाडायचं आहे, वल्ह्यावरून पाणी ठिबकतंय, असं काहीबाही दिसत राहायचं. मॅडमना घरी जायचा कंटाळा आहे, असं वॉचमनला वाटत असणार.

या वेडाचं मूळ सांगून टाकते. माझा जन्म वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. बाबांनी चाळीस वर्षं बोट चालवली, आई मासळीबाजारात बसायची. पुरुष पाण्यात आणि बायका बाजारात, अशी सरळ वाटणी. बोटी जाताना मी किनाऱ्यावरून पुष्कळ बघितल्या, पण मला एकदाही कोणी आत नेलं नाही. आई गेल्यावर बाबांनी बोट पुतण्याला दिली आणि ते माझ्याकडे राहायला आले. कयाक बघून ते म्हणाले, "खेळणं हाय." मग थोड्या वेळाने, "तू पाण्यात जाशील तवा मी बघायला येणार नाय, बाय. आधीच सांगतो."

आणि मला तर तेवढंच हवं होतं. एकदा तरी मी पाण्यात असावं आणि बाबांनी काठावरून मला बघावं. बेचाळीस वर्षांच्या, विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासणाऱ्या बाईने असं काही मागणं हास्यास्पद आहे, ठाऊक आहे मला.

आता कामाचं. माझी गाडी छोटी, टपावर रेलिंग नाही. अशा गाडीला दरवाज्याच्या चौकटीत अडकणाऱ्या दोन आडव्या दांड्या लागतात आणि त्या दांड्यांवर कयाकचे आधार बसतात. घाटकोपरच्या दुकानात मी दोन प्रकार बघितले. एक इंग्रजी जे अक्षरासारखा वळलेला, त्यात कयाक कुशीवर झोपते. दुसरा खोगिरासारखा, चार तुकड्यांचा, त्यावर ती सरळ बसते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, जे वालाच घ्या. एकदम झकास दिसतो. फोटोत पण भारी येतो." फोटो म्हटल्यावर मी विरघळले आणि तोच घेऊन आले.

पार्किंगमध्ये खोकं उघडलं, तेव्हा बाबा भाजी आणायला म्हणून खाली उतरले होते. भाजीची पिशवी हातात तशीच ठेवून ते कयाकपाशी आले, खाली वाकले आणि तिच्या बुडावरून अंगठा दाबत दाबत गेले.

"इथं दाबलं तर आत जातंय. इथं नाय जात," ते म्हणाले. "हिची हाडं इथं हायत. टेकू हाडाखाली दे. आणि एवढी रुंद होरी कुशीवर निजवणार? सगळं वजन एका बरगडीवर येल."

"तुला तर हे खेळणं वाटतं ना?"

"खेळणं हाय म्हणून मोडायचं?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून माझ्याबरोबर घाटकोपरला आले. मासेमारीची कयाक रुंद आणि सपाट बुडाची असते, तिला खोगिराचा आधारच बरा, हे मी इंटरनेटवर नंतर वाचलं. बाबांना ते अंगठ्याने कळलं होतं. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिलं. शिवाय बकलचे दोन पट्टे घेतले. प्लास्टिक उन्हात मऊ पडतं, तेव्हा पट्टे पोचा येईल इतके आवळू नका. पुढून आणि मागून दोरी बांधायची ती वेगळी.

जानेवारीतल्या एका शनिवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. बाबा का आले? "तुला बांधता येणार नाय म्हणून." पाण्याकडे मात्र फिरकणार नाही, असं लिफ्टमध्ये पुन्हा एकदा बजावून झालं. पट्टे मी आवळले, दोऱ्या त्यांनी बांधल्या. ऐरोलीच्या पुलावर त्यांनी खालच्या चिखलाकडे बघून "ओहोटी" म्हटलं आणि काच खाली केली. कयाकचं नाक काचेच्या वरच्या कडेला दिसत होतं. पनवेलपर्यंत मला सारखं वाटत होतं की होडी पुढे चालली आहे आणि आम्ही तिच्या पोटाखालून पोहत जातोय. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पेणला मिसळ खाल्ली, बरी होती. वडखळच्या पुढे एक ट्रेलर बाजूने सुसाट गेला आणि टपावर धप्प झालं. कयाकचं नाक हातभर डावीकडे सरकलं, पुढची दोरी सैल होऊन बॉनेटवर सापासारखी वळवळायला लागली. दोरी चाकाखाली गेली असती तर वाट लागली असती. मी गाडी कडेला घेतली.

बाबा उतरले आणि त्यांनी गाठ बघितली. गाठ पक्की होती. पण गाठीच्या पुढे त्यांनी हातभर दोरी सैल सोडली होती. बंदरात बोट बांधताना अशी ढील ठेवावीच लागते, भरतीला बोट वर येते, नाहीतर दोरी तुटते. चाळीस वर्षांची सवय, हाताने आपोआप केलं.

"रस्त्याला भरती येत नाही रे, बाबा," मी म्हणाले. हसवायला म्हणाले होते, पण ते हसले नाहीत.

"माझा हात आता जमिनीवर चालत नाय. तू बांध. मी बसतो गाडीत."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मुलुंडच्या गॅलरीत दोन वर्षं ते याच चेहऱ्याने बसलेत आणि मी त्याला आराम म्हणत होते. मी दोरी त्यांच्या हातात दिली. "मला बांधता येत नाही म्हणून आलास ना? मग बांध." त्यांनी बराच वेळ घेतला. मग दोरी अशी ताणली की बोटाने छेडली तर वाजली असती. रेवदंड्यापर्यंत कयाक तसूभर हलली नाही. तुम्हीही पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून दोऱ्या तपासा, मी तपासल्या नव्हत्या.

रेवदंड्यात सुपारीच्या वाडीतलं घरगुती राहणं, दोघांचं जेवणासकट अडीच हजार. घरच्या काकूंच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाला बाबांनी "ठीक" म्हटलं. याच्यावरची पदवी त्यांच्याकडे नाही. खाडीत उतरण्यापूर्वी तिथल्या मच्छीमारांना पाण्याच्या ओढीची धार कुठे आहे ते विचारलं. तुम्हीही विचारा, आणि लाइफ जॅकेटशिवाय उतरू नका.

रविवारी पहाटे कयाक उचलायला बाबा आले, तेवढ्यापुरते. कयाक पाण्याला लागल्यावर म्हणाले, "उजव्या अंगाला राहा. मध्ये धार हाय." आणि पाठ फिरवून वाडीकडे चालायला लागले. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

पुढचा तासभर कसा गेला ते नीट सांगता येणार नाही. धुकं पाण्यालगत लोळत होतं. पलीकडचा डोंगर मधेच दिसायचा, मधेच पुसला जायचा. वल्हं थांबवलं की कयाक आपल्या मनाने थोडी सरकायची आणि बुडाखाली पाणी बारीक आवाजात बोलायचं. लहानपणी किनाऱ्यावर उभी राहून मी अशीच जागा बघत होते का? कदाचित अशीच. पाण्यात सोडलेला गळ ओढला गेला तेव्हा मी इतकी दचकले की वल्हं पाण्यात पडता पडता वाचलं. दीड वीत लांबीची तांबोशी! मी एकटीच मोठ्याने ओरडले.

धुकं विरलं तेव्हा काठावर कोणीतरी दिसलं. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात उभं. मी जवळ आले तशी बाबांनी कयाकचं नाक धरलं आणि दुसरा हात पुढे केला. मी मासा त्यांच्या हातात दिला. बाबांची बोट लागली की आई असाच हात पुढे करायची.

निघताना काकू हळूच म्हणाल्या, "अगं, तू गेलीस तेव्हापासून तिथेच उभे होते. मी चहा नेला, तर म्हणाले, आता नको, पोरगी पाण्यात आहे."

बर्फाच्या डब्यातून तांबोशी दुपारपर्यंत मुलुंडला आली. दांड्या आणि आधार अजून टपावरच आहेत. ताशी साठच्या वर गेलं की शीळ घालतात, पण काढवत नाही.

संध्याकाळी कालवण केलं. माशाचं डोकं आमच्या घरात कायम बाबांच्या ताटात. ज्याने मासा आणला त्याचं डोकं, हा नियम, आणि आणायचे तेच. मी सवयीने त्यांना वाढलं. त्यांनी ते उचललं, माझ्या ताटात ठेवलं आणि भात कालवायला लागले.

"बाबा, अरे, हे तुझं..."

"मी कुठं गेलतो?" ते म्हणाले. "खा."