नागुबाईच्या नावापुढचं शून्य

धर्मराजची आई निपाणीत बिड्या वळायची. धर्मराज मच्छे गावातल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा, पास्कल भाषेत. १९८६ साली एका संस्थेने निपाणीच्या बिडी कामगार बायकांची थुंकी क्षयासाठी तपासली आणि त्या नोंदी त्याच्याकडे आल्या. आई गल्लीभर सांगत सुटली.

कागदावर जंतूंच्या रकान्यात आकडा असे. काही ठिकाणी नुसती रेघ. रेघ म्हणजे तपासणीच झालेली नाही. पण पास्कलमध्ये आकड्याचं घर रिकामं राहत नाही. त्यात काही ना काही आकडा असतोच. धर्मराजने रेघेच्या जागी शून्य भरलं. शून्यवाल्या बायकांना चिठ्ठ्या गेल्या : जंतू नाहीत.

आईच्या शेजारच्या नागुबाईलाही गेली. तिच्या थुंकीची बाटली तपासणीआधी वाटेतच सांडली होती. सहा महिन्यांनी खोकताना तिला रक्त पडलं.

ते कळल्यावर धर्मराजला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्याने प्रोग्रॅम उघडला.

"रेघेला उणे एक लिही की रं," साहेब मारुतीराव म्हणाले. "झालं काम! लई मनाला लावून घेतोस."

"साहेब, उद्या कोन तरी ते उणे एक सरासरीत धरंल."

त्याने प्रत्येक आकड्याला जोडून एक हो-नाहीचं घर केलं. तपासलं का? तिथे 'नाही' असलं, की प्रोग्रॅम त्याचा आकडा वाचूच देईना. जागीच थांबे. सगळे कागद त्याने एकट्याने पुन्हा भरले. न तपासलेल्या अकरा जणी निघाल्या.

यादी घेऊन तो निपाणीला गेला. नागुबाई क्षयाचं इंजेक्शन टोचून घेऊन दारात उन्हाला बसली होती.

"मशीन चुकलं म्हनं तुझं?"

"मशीन न्हाय, आक्का. मी चुकलो."

तिने शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"माझ्यागत आनि किती हाईत?"

"धा."

"वाच."

त्याने घडी उलगडली. "राजाबाई."

"ती गेली शिमग्यात. खोकून खोकून." नागुबाईने पदर सारखा केला. "फुडचं वाच."

त्याला पुढची ओळ दिसेना.

"वाच रं धर्मा. बाकीच्या जित्या हाईत अजून."