धोटा थांबेपर्यंत

दादा गेल्याची तार पुण्याहून आली, तेव्हा मी त्यांच्याच नावाने कुरकुरत बसलो होतो. ‘संयम’ हे प्रकरण त्यांनी पुन्हा नव्याने लिहून पाठवलं होतं आणि सुवाच्य प्रत काढायची माझ्याकडे... सहाव्यांदा! आमचे हे चुलतभाऊ कॉलेजात नीतिशास्त्र शिकवत. मी सोलापुरात वकिलाकडे कारकून. अक्षर मोत्यासारखं, डोकं बेताचं, असं घरातच बोललं जातं. त्यात खोटं काही नाही.

माणसाने माणसाशी कसं वागावं, यावर ते कितीतरी वर्षं ग्रंथ लिहीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आले की लिहिलेली पानं घेऊन थेट शेजारच्या मल्लय्या विणकराच्या हातमागासमोर बसायचे. मल्लय्याच्या घरात तेलुगू, मराठी कामापुरती. त्यामुळे दादांना सोपं लिहावंच लागे. ऐकता ऐकता त्याने मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा थांबवला तर पान राहायचं. खटखट चालूच राहिली तर दादा निमूट तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ मारायचे.

एका उन्हाळ्यात गिरण्यांत संप चालू होता. कामगारांनी संयम कसा पाळावा, ते दादांनी वाचलं. धोटा थांबला. मी खूश, चला, पुन्हा प्रत काढणं वाचलं!

“मास्तर,” मल्लय्या म्हणाला, “मालकाचा संयम कुटल्या पानावर हाय?”

दादांनी पानं उलटसुलट चाळली, मग म्हणाले, “राहिला की रे लिहायचा!” आणि छापखान्यात गेलेला बाकीचा ग्रंथही त्यांनी परत मागवला. तो छापून आला असता तर मुख्य प्राध्यापकाची जागा त्यांचीच होती.

“एका विणकरासाठी?” मी ओरडलो.

“अरे, त्याच्याचबद्दल तर लिहिलंय.”

जागा दुसऱ्याला मिळाली. पुढे कितीतरी लग्नामुंजींत मी दादांचा हा वेडेपणा चघळला. आज तीच गोष्ट छाती फुगवून सांगतो. माझ्या डोक्यात उजेड उशिराच पडतो.

तेरावा झाल्यावर ते नवं प्रकरण घेऊन मी मल्लय्याकडे गेलो. दादांनी माझ्याकडे ठेवलेली तांबडी पेन्सिलही खिशात होती. ‘ज्याच्या हातात जास्त, संयमाची सुरुवात त्याच्यापासून...’ मी वाचत होतो, कोर्टात पुकारा करणाऱ्या पट्टेवाल्यासारखा. खटखट चालूच. दुसरं पान झालं. मी खिशातली पेन्सिल चाचपली.

तिसऱ्या पानावर धोटा थांबला. मल्लय्याने उपरण्याने डोळे पुसले.

“लिवलं की मास्तरांनी!” तो मला म्हणाला. “अण्णा, पयल्यापासून वाचा.”

पेन्सिल अजून माझ्या खिशातच असते. टोक दादांनी काढलेलंच आहे.